टाच बसली की मोजा बसला

खडकपाड्याहून तू पाठवलेला फोटो मोठा करून नीट पाहिला. बॉर्डर सुबक आहे, टाके एकसारखे आहेत, हात कुठे सैल-घट्ट झालेला नाही. तरी मोजा पायात गेला की घोट्यामागे लोकर गोळा होते आणि चार पावलं चाललं की टाच तळव्याखाली सरकते, असं तू लिहिलंस. यात तुझ्या हाताचा काही दोष नाही. तू माप पुस्तकातून घेतलंस, एवढंच. मोज्याचं बाकी सगळं पुस्तकावरून विणता येतं, टाच तेवढी येत नाही. ती ज्याची त्याच्या पायावरूनच घ्यावी लागते. माझ्या आईने मला हे एकच बजावून सांगितलं होतं, पुढचं सगळं त्याच्याच पोटात येतं.

आपल्याकडे बहुतेक जणींचा हात बाळाच्या मोज्यांवर बसलेला असतो. बारसं आलं की टोपडं, झबलं आणि मोजे, दोन दुपारींत होऊन जातात. बाळाच्या मोज्याला टाच नसली तरी चालतं, घोट्याशी नाडी ओवली की झालं. बाळ त्यात चालत नाही, बूट घालत नाही. तीच सवय घेऊन आपण मोठ्या माणसाच्या पायाला हात घालतो आणि फसतो. पाऊल जिथे पोटरीला काटकोनात वळतं, तिथे मागे टाचेला खोलगट वाटी हवी आणि पुढे वाकणीत ताण नको. सरळ नळी विणून हे दोन्ही साधत नाही.

आधी मोजा घालून आरशासमोर पाठमोरी उभी राहा. घरातल्या कुणाला तरी बघायला सांग, स्वतः वाकलीस की पायाची ठेवण बदलते. टाचेची वाटी घोट्याकडे वर चढलेली दिसली, तर पावलाची लांबी जास्त झाली आहे. वाटी तळव्याखाली ओढली गेली, तर लांबी कमी पडली. घोट्यामागे आडव्या चुण्या पडल्या, तर वाटीच्या वर टाचेमागे सपाट विणतो ती पट्टी जरुरीपेक्षा जास्त ओळींची झाली. पुढे वाकणीत आवळून कातडीवर रेघा उठल्या, तर पट्टी आखूड आहे किंवा बाजूची कळी अपुरी आहे. आणि टाचेच्या दोन्ही अंगांना लोकर सैल लोंबत असेल, तर वाटी रुंद झाली. तुझ्या मोज्यात यातल्या दोन गोष्टी एकदम झाल्यात: पट्टी लांब आणि पाऊल आखूड. म्हणून लोकर मागे साठते आणि वाटी खाली पळते. एकीलाच दुरुस्त करशील तर दुसरी उघडी पडेल.

आता मापं. संध्याकाळी घे, सकाळी नको. दिवसभर उभं राहून, गाडीत लोंबकळून आलेल्या माणसाचं पाऊल संध्याकाळी थोडं फुगलेलं असतं आणि मोज्याला तेच खरं माप. माणसाला दोन्ही पायांवर भार देऊन उभं करायचं. कागदावर पाऊल गिरवून लांबी-रुंदी मिळते, उंची मिळत नाही, आणि टाचेचं सगळं गणित उंचीत आहे. म्हणून टेपच हवी. चवड्याचा घेर घे, बोटांच्या मुळाशी जिथे पाऊल सर्वांत रुंद असतं तिथे. लांबी घे. घोट्याच्या हाडाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घे. आणि चौथं माप, जे कुणी घेत नाही: टेप टाचेच्या टोकाखालून घालून तिरकी वर आण आणि पुढे पावलाच्या वाकणीवर मिळव. पायातला हा सगळ्यात मोठा घेर. मोजा घालताना लोकरीला याच घेरावरून जायचं असतं, आणि घातल्यावरही याच घेरावर बसायचं असतं. दोन्ही पाय मोज, मोठा निघेल तो धर.

तू म्हणशील, एका नंबरचे बूट घालणाऱ्यांचे पाय सारखेच असणार. नसतात. एकाच्या पावलाला वरून उंचवटा असतो, दुसऱ्याचं पाऊल फरशीवर सपाट टेकतं. डॉ. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी आपल्याच देशातल्या २३०० मुलांची पावलं तपासून १९९२ साली लिहिलं होतं, की पायात वहाणा घालणाऱ्या मुलांत सपाट पाऊल शेकडा ८.६ जणांना होतं आणि अनवाणी वाढलेल्यांत शेकडा २.८ जणांनाच. म्हणजे अनवाणी वाढलेल्या आजीच्या आणि पहिल्या पावलापासून बूट घातलेल्या नातवाच्या पायाची लांबी सारखी भरली, तरी एकीची पट्टी दुसऱ्याला बसेल याची खात्री नाही. सपाट पावलाला पट्टी कमी ओळींची, उंच पावलाला जास्त ओळींची. हे मनात पक्कं बसव.

तुझ्या लेकाच्या ट्रेकच्या मोज्याचं गणित इथेच मांडून देते. समजा चवड्याचा घेर नऊ इंच आहे. वीण ताणते, म्हणून मोजा पायापेक्षा घेरात साधारण दहावा हिस्सा कमी विणायचा. नवाचे आठ झाले. बारा नंबरच्या सुईवर तुझ्या हाताने इंचाला सात टाके पडत असतील तर आठी सात छप्पन्न. ५६ टाके. इंचाला किती टाके पडतात हे आधी चार इंचांचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मग मोजायचं, आणि तुकडाही गोलच विणायचा. सपाट विणताना उलट ओळीत बहुतेकींचा हात सैल पडतो, गोल विणताना उलट ओळ येतच नाही. आपल्या बाजारात चार पदरी म्हणून मिळणारी लोकर परदेशी पुस्तकातल्या चार पदरी लोकरीइतकी बारीक असेलच असं नाही. पुस्तकातले ६४ टाके डोळे मिटून घातले तर मोजा हत्तीच्या पायाचा होतो.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाल, म्हणजे काठ ताणेल. काठ ताणला नाही तर टाच कितीही चांगली साधो, मोजा तिच्यावरून जाणारच नाही. मग पाच सुयांचा जुडगा घे, चार सुयांवर १४-१४ टाके वाटून दे, पाचवीने विण. वायरची एकच लांब गोल सुई वापरणाऱ्या मुली आता दिसतात, तीही चालेल. मला सुट्या सुयाच बऱ्या वाटतात, कारण कुठल्या सुईवर टाच आणि कुठल्या सुईवर पावलाची वरची बाजू हे बोटांना न बघता कळतं. एका सुईवरून दुसरीवर जाताना उभी फट पडते अशी तक्रार असते. तिथला पहिला टाका ओढून काही होत नाही, दुसरा टाका विणताना धागा ओढ, फट मिटते.

पोटरीचा भाग झाला की निम्मे टाके, म्हणजे २८, टाचेसाठी घे. बाकीचे २८ दोन सुयांवर स्वस्थ बसू देत. या २८ टाक्यांवर टाचेची पट्टी सपाट विणायची: सुलट ओळीत एक टाका न विणता उचलायचा, एक सुलट विणायचा, असं शेवटपर्यंत, उलट ओळीत पहिला टाका उचलायचा, बाकी सगळे उलट. उचललेल्या टाक्यामागून धागा आडवा जातो, त्यामुळे टाचेमागे दुहेरी जाडी येते. बूट घासतो तो नेमका इथेच. आणि दर ओळीचा पहिला टाका उचलल्यामुळे पट्टीच्या दोन्ही कडांना साखळीसारखे मोठे टाके तयार होतात, दोन ओळींना एक. हेच टाके पुढे उचलायचे आहेत.

ओळी किती? पुस्तक सांगतं, जितके टाके तितक्या ओळी. २८ ओळी, कडेला १४ साखळ्या. सुरुवात म्हणून ठीक. पण इथेच थांबून टेप काढ. घोट्याच्या हाडाच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत जे अंतर घेतलंस, पट्टी तितकी उंच हवी. बायकांच्या पायाला ते साधारण दोन-सव्वादोन इंच भरतं. उचलत्या टाक्यांची वीण उभी दाबून बसते, तिला ओळी जास्त लागतात, म्हणून साध्या विणीचा हिशेब इथे लावू नकोस. सपाट पावलाला २४ ओळी पुरतात, उंच पावलाला ३२ नाहीतर ३४ लागतात. तुझी पट्टी नक्की पावणेतीन इंचाच्या वर गेली असणार, बघ मोजून.

आता टाच वळवायची. हे वाचून अवघड वाटतं, सुया हातात घेतल्यावर वाटत नाही. सुलट बाजूने १६ टाके विण, पुढचे दोन मागच्या बाजूने सुई घालून जोडीने सुलट विण, आणखी एक सुलट, आणि तिथेच काम फिरव. डाव्या सुईवर ९ टाके न विणलेले राहतील, राहू देत. आता पहिला टाका उचल, ५ उलट, दोन जोडीने उलट, एक उलट, फिरव. इकडेही ९ राहिले. फिरवलंस तिथे दर वेळी एक बारीक फट दिसेल, तीच तुझी खूण. यापुढे प्रत्येक ओळीत पहिला टाका उचलायचा, फटीच्या अलीकडे एक टाका राहीपर्यंत विणायचं, फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक जोडीने घ्यायचा, त्यापुढचा एक विणायचा, फिरवायचं. सुलट बाजूला सुलट, उलट बाजूला उलट. शेवटच्या दोन ओळींत जोडीनंतर विणायला टाका उरत नाही, तिथे तसंच फिरव. सुईवर १६ टाके राहिले म्हणजे सगळं बरोबर झालं. बोटाने खालून ढकलून बघ, वाटी उठलेली असेल.

ही वाटी किती रुंद हवी तेही तुझ्याच हातात आहे. जन्मभर चपला घातलेल्या आपल्या माणसांचा चवडा पसरलेला असतो आणि टाच त्या मानाने निमुळती असते. घेर चवड्यावरून काढला की टाचेला टाके जास्त होतात आणि दोन्ही बाजूंना लोकर लोंबते. अशा पायाला सुरुवातीला १६ ऐवजी १४ विण, आणि दुसऱ्या ओळीत ५ उलटऐवजी एकच उलट. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा टाके उरतील आणि शेवटी सुईवर १४ राहतील. वाटी अरुंद आणि जरा टोकदार होते. तुझ्या बाबांना हीच बसेल, त्यांची टाच मला माहीत आहे.

वाटी झाली की पट्टीच्या दोन्ही कडांच्या साखळ्यांतून टाके उचल. १४ साखळ्यांतून १४, आणि पट्टी जिथे वरच्या टाक्यांना मिळते त्या कोपऱ्यातून एक जादा. कोपऱ्यात नेहमी भोक पडतं, ते याच जादा टाक्याने बुजतं. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून पीळ देऊन विण. मग १६, दोन्ही बाजूंचे १५-१५ आणि वरचे २८ मिळून ७४ टाके झाले. इथून कळी सुरू होते. शिवणातली कळी तुला माहीत आहे, सलवारीला बसते तीच. काम इथेही तेच, वाकणीला मोकळीक द्यायची. एक फेरी साधी, एका फेरीत वरच्या टाक्यांच्या दोन्ही अंगांना एकेक जोडी, असं करत पुन्हा ५६ वर यायचं. नऊ वेळा जोड्या घेतल्या की होतं.

चौथं माप आता कामाला येतं. ७४ टाके म्हणजे इंचाला सातच्या हिशेबाने साडेदहा इंच. पायाचा तिरका घेर बारा इंच असेल तर वीण ताणून छान बसते. तेरा इंचांच्या पुढे असेल तर पट्टीत चार ओळी वाढव, म्हणजे दोन्ही कडांना दोन-दोन साखळ्या जास्त मिळतात आणि टाके ७८ होतात. वाकणीत आवळणारे मोजे इतकं केल्याने सुधारतात. तरीही घट्ट वाटलं तर कळी सावकाश उतरव, दोन साध्या फेऱ्या मग एक जोडीची. पाय सपाट असेल तर उलट करायचं, पट्टी आखूड आणि कळी लवकर संपवायची.

पावलाची लांबी पायापेक्षा अर्धा इंच कमी ठेव. साडेनऊ इंच पाऊल असेल तर मोजा नऊ. त्यात टोकाला पावणेदोन इंच जातात, म्हणून वाटीच्या मागच्या कडेपासून सव्वासात इंच भरले की बोटांकडचं टोक सुरू कर. एका आड एक फेरीत चार-चार टाके कमी करत २८ वर ये, मग दर फेरीला चार कमी करत १६ वर. उरलेले आठ-आठ टाके समोरासमोर ठेवून बोथट सुईने असे जोड की शिवण हाताला लागू नये. या जोडणीला लॉर्ड किचनरचं नाव आहे, १९०२ ते १९०९ आपल्याकडे सरसेनापती होता तोच. बोटांवर शिवणीची गाठ येऊ देऊ नकोस. टोकाची गाठ आणि टाचेची चुणी, चालणाऱ्या माणसाचा पाय सोलून काढायला एवढं पुरतं.

सैनिकांवरून सांगते. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभरात बायकांनी जवानांसाठी लोकरीचं विणून पाठवलं. आम्ही तेव्हा ठाण्यात नौपाड्यात राहत होतो आणि आमच्या चाळीतल्या बायका दुपारची भांडी झाली की सुया घेऊन गॅलरीत बसत. ज्याला मोजे जाणार त्याचं पाऊल कुणी पाहिलेलं नाही, मग टाच कुठे घालणार? आईने बिनटाचेचे मोजे विणले. चार सुलट, चार उलट अशी बॉर्डर, आणि दर चार फेऱ्यांनी सगळी वीण एक टाका पुढे सरकवायची. मोज्यावर तिरके वळसे पडतात, वीण चहूकडून ताणते आणि पाय आपली टाच आपण करून घेतो. दर वेळी वेगळ्या जागी टाच येते, म्हणून एकाच ठिकाणी झिजतही नाही. ज्याचं माप मिळत नाही त्याच्यासाठी आजही हेच कर. लुधियानाच्या सुनेला, टोरांटोच्या भाच्याला पार्सल करायचं असेल तर हा मोजा. माप मिळत असताना मात्र याची पळवाट काढू नकोस. बुटात तो नीट बसत नाही, वळशांच्या कडा दाबतात.

लोकरीबद्दल थोडं. ठाण्यात १९२५ पासून वुलन मिल होती, पुढे रेमंड म्हणून नावाजली ती. पण तिचं नाव सुटाच्या कापडासाठी. विणायची लोकर आपल्याकडे वर्धमान, ओसवाल अशी लुधियानाचीच येते, आणि दुकानात पुढे मांडलेली बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते. स्वेटरला ती चालते. ट्रेकच्या मोज्याला नको. ती घाम शोषत नाही, ओला पाय बुटात घसरतो आणि फोड येतात. एकदा ताणली की खऱ्या लोकरीसारखी परत आवळतही नाही, म्हणजे नीट बसवलेली टाच आठवड्यात सैल. तीन हिस्से खरी लोकर आणि एक हिस्सा नायलॉन अशी मोज्याची लोकर मागवून घे. ती नाही मिळाली तर खऱ्या लोकरीसोबत टाचेच्या पट्टीत आणि वाटीत नायलॉनचा बारीक धागा जोडीने चालव. सुती धाग्याचे मोजे आपल्या हवेत बरे, पण सूत ताणून परत येत नाही, तेव्हा पोटरीला लांब बॉर्डर घाल आणि घेर आणखी दोन-चार टाक्यांनी कमी धर.

आपल्या दमट हवेत हाताला घाम येतो, लोकर सुईला चिकटते, टाके नकळत घट्ट पडतात. एप्रिलमध्ये विणलेला मोजा आणि जानेवारीत विणलेला मोजा एकाच हाताचे असून वेगळे निघतात. तळहाताला थोडी टाल्कम पावडर लाव, पंख्याखाली बस. जोडीतले दोन्ही मोजे शक्यतो लागोपाठ विण. गाडीत विणायचं तर पोटरी आणि पावलाची सरळ नळी विण, डोंबिवली ते ठाणे बसायला मिळालं तर त्यात बरंच होतं. टाच गाडीत वळवू नकोस. दिवा स्टेशनला गर्दी आत आली की कुठल्या फटीशी होतीस ते विसरायला होतं, आणि टाच उसवून पुन्हा उचलताना कडेच्या साखळ्या ताणल्या जातात. टाच घरी, दिव्याखाली, कुणी हाक मारणार नाही अशा वेळी.

बाबांच्या मोज्याबद्दल मला काळजी वाटते म्हणून वेगळं लिहिते. त्यांना साखर आहे. साखरेच्या माणसाला पायाला लागलेलं कळत नाही, म्हणून 'बरोबर बसलाय' हे त्यांचं उत्तर धरू नकोस. मोजा घालून तासभर बसू दे, मग काढून स्वतः पाय बघ. घोट्याला बॉर्डरचा खोल वळ, टाचेला लाल डाग, बोटांवर शिवणीची रेघ, यातलं काही दिसलं तर तो मोजा त्यांचा नाही. वरची बॉर्डर सैल ठेव, लोकर मऊ घे, आत एकही गाठ राहू देऊ नकोस. नवा गुंडा जोडताना गाठ मारायची नाही, जुना आणि नवा धागा सात-आठ टाके जोडीने विणायचे. तेही पावलाच्या वरच्या बाजूला, तळव्याला किंवा टाचेला कधीच नाही. आणि मोज्यावर नुसतं फरशीवर चालायला देऊ नकोस, घसरतात. घरातली चप्पल त्यावर हवी.

चप्पल म्हटल्यावर अंगठा वेगळा असलेले मोजे आठवले. आपल्या बायका थंडीत घालतात ते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तच्या ऑक्सिरिंकसला सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, दीड हजार वर्षांहून जुने, एका सुईच्या विणीचे. त्यांनाही अंगठा वेगळा आहे, वहाणेत घालता यावेत म्हणून, आणि टाचही घडवलेली आहे. तेव्हापासून माणसं या टाचेच्या मागे लागलेली आहेत.

टाच झिजते हे धरूनच चाल. आपल्या फरशा गुळगुळीत दिसतात, पण लोकर खातात. रोज वापरायच्या मोज्याला टाच मागाहून घालायची पद्धत बरी. पोटरी संपली की टाचेसाठी निम्म्या टाक्यांवर वेगळ्या रंगाचा जुना धागा एक ओळ विणायचा, ते टाके परत मूळ लोकरीने विणायचे आणि सरळ पावलाकडे जायचं. मोजा संपला की तो रंगीत धागा काढायचा. वरचे-खालचे टाके मोकळे होतात, ते सुयांवर घेऊन टोकासारखी टाच विणायची. झिजली की उसवून नवी घालता येते, सारा मोजा टाकावा लागत नाही. एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी ही मागाहूनची टाच खूप लोकप्रिय केली. पण ही टाच उथळ असते, हिला कळी नसते. सपाट पावलाला चालते, उंच पावलाला आवळते. लेकाला ही नको.

धुताना कोमट पाणी, साधा साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं. दोरीवर टाचेकडून लटकवलास तर ओल्या लोकरीच्या वजनाने पट्टी लांबते. पावसाळ्यात पेटीत ठेवण्याआधी पूर्ण सुकलाय ना ते बघ, आपल्याकडे बुरशी आधी लागते आणि कसर नंतर. कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल.

एक वही कर. प्रत्येक माणसाला एक पान: चारही मापं, लोकर, सुईचा नंबर, पट्टीच्या ओळी, वाटीचे टाके. दुसरा मोजा त्या पानावरून विण, पहिला शेजारी ठेवून अंदाजाने नको.

लेक ट्रेकला जातोय तो सर पास तेरा हजार आठशे फुटांवर आहे, तिथे बर्फात टाच सोलली तर मोजा बदलून काही भागत नाही. तेव्हा दोन्ही मोजे निघण्याच्या महिनाभर आधी तयार ठेव. एकदा धू. मग त्याला तेच बूट आणि तेच मोजे घालून, पाठीवर भरलेली सॅक घेऊन मलंगगड चढून यायला सांग. उतरल्या उतरल्या मोजे काढून टाचेचा मागचा भाग, घोट्याखालची कड आणि वाकणी बघ. लाल दिसलं तर कुठे ते आणि पट्टीच्या किती ओळी घातल्या होत्यास ते मला फोनवर सांग, मग किती उसवायचं ते ठरवू.